उत्तर चुकलं, पण का ते कुणी विचारलंच नाही

रात्रीचे अकरा वाजत आले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हॉइस मेसेज आला. मागे मोठी पातेली घासल्याचा खरखराट, नळाची धार, कुणीतरी ‘उद्याची मटकी भिजवली का’ असं विचारत होतं, आणि या सगळ्यातून तिचा दमलेला पण ठाम आवाज: ‘मॅडम, ते व्हिडिओतलं उत्तर माझं चुकलं. चुकलं तर चुकलं, त्याचं मला काही नाही. पण मी तसं का म्हटलं, हे कुणी विचारलंच नाही. लाल फुली आली अन् व्हिडिओ चालला पुढं.’

ती नाशिकमध्ये सातपूरच्या बाजूला सासूबाईंबरोबर पोळी-भाजी केंद्र चालवते. कारखान्यांच्या पाळ्या बदलतात तसे तिच्या डब्यांचे वेळ बदलतात. बारावीनंतर लग्न झालं, मग शिक्षण राहून गेलं ते राहूनच गेलं. मुलगी शाळेत रुळल्यावर तिनं दूरशिक्षणातून बी.ए.ला नाव घातलं. मी तिच्या गटाची अर्थशास्त्राची समंत्रक, म्हणजे दूरशिक्षणातली शिक्षिका. आमचा घटक चालू होता मागणीच्या लवचिकतेचा. म्हणजे भाव वाढला की माणसं खरेदीला किती कात्री लावतात, त्याचं मोजमाप. त्या घटकाचा व्हिडिओ चांगला आहे, हे आधीच सांगते. आवाज स्वच्छ, आलेख नेटके, उदाहरणं आपल्याकडची. मध्येच चित्र थांबतं, चौकट उघडते आणि प्रश्न येतो. उत्तराला बोट लावल्याशिवाय व्हिडिओ पुढे सरकत नाही. प्रश्न होता, कांद्याचा भाव २० टक्क्यांनी वाढला तर कांद्याची मागणी किती घटेल? २० टक्क्यांपेक्षा जास्त, २० टक्क्यांपेक्षा कमी, तेवढीच, की मुळीच नाही? पुस्तकाला अपेक्षित उत्तर ‘कमी’. रोजच्या जेवणातली वस्तू, भाव चढला तरी माणूस घेतोच, म्हणून कमी लवचिक मागणी. तिनं ‘जास्त’वर बोट ठेवलं.

मी लगेच उलटा मेसेज केला, ‘ताई, सांगा ना, तुम्ही तसं का म्हटलंत?’ पाच मिनिटांत भलामोठा व्हॉइस मेसेज आला. नळ आता बंद झालेला होता. ‘मॅडम, कांदा महागला की आम्ही लगेच हात आखडतो. डब्यात कांद्याच्या जागी काकडी, कोशिंबिरीत कोबी. वाटणात खोबरं आणि दाण्याचं कूट वाढवायचं. एरवी जिथं पोतं लागतं तिथं अर्ध्यात भागवतो. नाहीतर डब्याचा भाव वाढवावा लागेल, आणि डब्याचा भाव वाढला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. आमच्या घरच्या स्वयंपाकाला मात्र तेवढाच कांदा लागतो, तिथं काही फरक पडत नाही. मग तुम्ही कुणाचा कांदा विचारताय?’

कुणाचा कांदा.

त्या रात्री मला झोप लवकर लागली नाही. अर्थशास्त्राचं पुस्तक हेच सांगतं की लवचिकता वस्तूला चिकटलेली नसते. तिला पर्याय किती आहेत, तिचे उपयोग किती आहेत, घेणाऱ्याच्या खर्चात तिचा वाटा किती आहे, यावर ती ठरते. त्याच व्हिडिओत तीनेक मिनिटांनी हा भाग येतोच: पर्यायी वस्तूंची उपलब्धता. ही बाई तिथं आधीच जाऊन पोहोचली होती, स्वतःच्या हिशेबाच्या वहीतून. आणि पोहोचल्याबद्दल तिला मिळाली लाल फुली. मी प्रणालीतला अहवाल उघडून पाहिला. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे एक ओळ असते: व्हिडिओ किती टक्के पाहिला, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर, किती वेळ घेतला. तिच्यापुढे लिहिलेलं होतं: पूर्ण, चूक. जिनं इतका वेळ डोकं लावलं तिच्या वाट्याला एवढं. तिच्या वर-खाली ‘बरोबर’वाल्यांची रांग होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी प्रश्न वाचून होणार नाही इतक्या वेळात बोट लावलं होतं. आश्चर्य वाटलं नाही. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ‘१-ब, २-अ, ३-ड’ अशा याद्या फिरतात हे सगळ्याच शिक्षकांना माहीत आहे. त्यांना दोष द्यावासाही वाटत नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तरानं काहीच बदलणार नाही, त्याला माणूस लवकरात लवकर वाटेला लावणारच. विद्यार्थ्यांचा सहभाग वाढावा म्हणून ती चौकट व्हिडिओत घातलेली, आणि सहभाग म्हणून मोजलं जातं ते फक्त बोट.

माझी आई अंगणवाडी सेविका होती. नाशिकला मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. त्यानंतर काही वर्षांनी तिनं पूर्वतयारीची परीक्षा दिली आणि बी.ए.ला प्रवेश घेतला. दर रविवारी ती गावातल्या हायस्कुलात अभ्यासकेंद्रावर जायची आणि मला कुणाकडे ठेवायची सोय नसली की बरोबर न्यायची. शेवटच्या बाकावर बसून मी चित्रं काढत असे. बाकांवर करकटकानं कोरलेली पोराटोरांची नावं, आणि त्या बाकांत गुडघे मुडपून बसलेले एसटीचे कंडक्टर, ग्रामपंचायतीचे शिपाई, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या दोन सुना, एक टक्कल पडलेले पोस्टमन. आईची पुस्तकं नवी असताना त्यांना शाईचा आणि डिंकाचा वास यायचा. ती पुस्तकं वाचणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणायची, हे तेव्हा मला फार नवलाचं वाटे, कारण माझ्या शाळेच्या पुस्तकांत कुणी कुणाशी बोलत नसे. मजकुराच्या मध्येच चौकटीत प्रश्न, खाली कोऱ्या ओळी, उत्तरं घटकाच्या शेवटी. आई त्या ओळी पेन्सिलीनं भरायची, खोडता यावं म्हणून. आजच्या व्हिडिओतली चौकट ही त्या छापील चौकटीचीच लेक आहे. कल्पना तीच, फक्त आता ती बोटाखाली उघडते.

पण आईच्या शिक्षणात मला लख्ख आठवतं ते वेगळंच. समाजशास्त्राच्या एका गृहपाठात कुटुंबाच्या प्रकारांवर प्रश्न होता. आईनं पुस्तकातलं लिहून झाल्यावर शेवटी स्वतःच्या चार ओळी घातल्या. ऊसतोडीला गेलेल्या घरांत सहा-सहा महिने आजी-आजोबाच आईबाप होतात, मग या घराला संयुक्त म्हणायचं की विभक्त, अशा काहीतरी. गृहपाठ परत आला तेव्हा त्या ओळींच्या बाजूला समासात हिरव्या शाईनं लिहिलेलं होतं: ‘हे कुठे पाहिलंत? रविवारी सगळ्यांना सांगा.’ तो आठवडाभर आई त्या ‘सगळ्यांना सांगा’ची तयारी करत होती. चुलीपाशी, अंगणवाडीच्या वाटेवर, माझी वेणी घालताना. रविवारी ती उभी राहिली, पदर नीट केला आणि बोलली. पोस्टमनकाकांनी हात वर करून त्यांच्या बटवड्यातल्या वाडीचं सांगितलं, की मनीऑर्डरी आजीच्या नावानं येतात आणि अंगठा नातू धरून उठवतो. मग बाकीचेही बोलायला लागले. त्या दिवशी तास फार लांबला.

सगळे गृहपाठ असे परत यायचे नाहीत, हेही खरं. कितीतरी नुसत्या बरोबरच्या खुणा आणि गुण घेऊन यायचे, काही तर परीक्षा झाल्यावर. एका समंत्रकाच्या हिरव्या शाईवरून सगळं जुनं ते सोनं म्हणावं असं मला वाटत नाही. राम ताकवले पहिले कुलगुरू म्हणून हे विद्यापीठ उभं करत होते, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन, त्याच १९८९ साली अमेरिकेत मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातल्या देवाणघेवाणीचे तीन धागे वेगळे करून दाखवले: विद्यार्थ्याचा मजकुराशी, विद्यार्थ्याचा शिक्षकाशी आणि विद्यार्थ्यांचा एकमेकांशी. त्या रविवारी आईला हे तिन्ही धागे मिळाले होते, पोस्टाचं तिकीट आणि हायस्कुलाचा वर्ग एवढ्या भांडवलावर. आज आपल्या हातात त्याच्या कितीतरी पट साधनं आहेत आणि बहुतेक सगळी ताकद पहिल्या धाग्यावर खर्च होते आहे. मजकूर हलता झाला, रंगीत झाला, बोटाला प्रतिसाद देऊ लागला. बाकीचे दोन धागे मात्र जिथल्या तिथे.

उपग्रहाच्या काळातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. २००४ साली खास शिक्षणासाठी एज्युसॅट सोडला गेला आणि महाविद्यालयांच्या गच्च्यांवर तबकड्या बसल्या. चित्र एकाच बाजूनं यायचं, आवाज दोन्ही बाजूंनी जायचा. तज्ज्ञ दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत आणि आम्ही पडदे ओढलेल्या खोलीत, टीव्हीसमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पहिली चाळीस मिनिटं मुलं पेंगत असत. तेवढ्यात पडद्यावरचे सर म्हणायचे, ‘अमुक केंद्रावरून प्रश्न आलाय,’ आणि ते केंद्र आमचं असलं की अख्खी खोली ताठ व्हायची. प्रश्न विचारणारा मुलगा एकच, पण चाळीस जण पुढे सरकून बसायचे. एकदा तर सरांनी प्रश्न ऐकला, क्षणभर थांबले आणि हातातली पुढची पाटी बाजूला ठेवून म्हणाले, ‘आता आधी हेच बघू.’ तांत्रिकदृष्ट्या ते साधन आजच्या मानानं ओबडधोबड होतं. आवाज घुमायचा, पाऊस आला की चित्र फाटायचं. तरीही आमच्या खोलीतून गेलेल्या एका वाक्यामुळे दूरवरच्या माणसानं आपलं पुढचं वाक्य बदललं होतं, आणि ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

मला वाटतं, सगळा मामला इथं आहे. विद्यार्थ्याच्या उत्तरानं पुढचं काही बदलतं का? बदलत असेल तर साधी चिठ्ठीही पुरते. बदलत नसेल तर कितीही झळझळीत पडदा असो, तो एकट्यानंच बोलतो.

हे जुनंच दुखणं आहे, आणि त्यावर विचारही जुना आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मॅझुर यांची गोष्ट मला त्या रात्री आठवली. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवायचे, व्याख्यानांना चांगले शेरे द्यायचे. मग त्यांनी बलाच्या मूलभूत कल्पनांवर साध्या शब्दांतले प्रश्न दिले तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी देऊ, की मला स्वतःला वाटतं तशी? त्या एका प्रश्नात केवढी फट उघडी पडली! १९९१पासून त्यांनी तासाची घडीच बदलली. थोडं बोलायचं, मग एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपापलं उत्तर द्यायचं. आधी हात वर करून, पुढे हातातल्या छोट्या यंत्राचं बटण दाबून. तीस टक्क्यांहून कमी जणांचं बरोबर आलं तर तीच कल्पना पुन्हा समजवायची. सत्तरच्या वर आलं तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचं. आणि मधलं आलं, तर शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवून द्यायचं आणि मग सगळ्यांनी पुन्हा उत्तर द्यायचं. लोकांनी त्या बटणाचंच कौतुक केलं. मला कौतुक वाटतं ते त्या मधल्या गोंगाटाचं, जिथं वर्गभर एकच शब्द घुमत असतो: का? का? त्याच्याही आधी, १९६० साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी प्लेटो नावाची संगणकावर शिकवण्याची यंत्रणा उभी केली. धडे एकेकट्यानं शिकायचे, अशी योजना. १९७३च्या सुमारास तिच्यावर निरोप ठेवण्याची आणि थेट टाइप करून गप्पा मारण्याची सोय झाली आणि माणसं धडा संपल्यावरही तिथंच रेंगाळू लागली. शिकायला बसलेल्या माणसाला दुसऱ्या माणसाची भूक असते, ती कुठल्याही यंत्रात वाट काढते.

महामारीतले तास आठवले की माझ्या कानात अजून एकच वाक्य वाजतं, ‘आवाज येतोय का?’ आणि चॅटमध्ये खालून वर सरकणारी ‘हो मॅडम’, ‘येस मॅडम’, ‘येतोय’ची माळ. त्या दोन वर्षांबद्दल नव्यानं सांगण्यासारखं फार नाही, सगळ्यांनी भोगलंय. एकच नोंदवते. कॅमेरे बंद असण्याचा राग मला तेव्हाही आला नाही, आजही येत नाही. एका खोलीत पाच माणसं राहतात, मागे दोरीवर कपडे वाळत असतात, सासरे खाटेवर झोपलेले असतात. तो कॅमेरा चालू कर म्हणणं म्हणजे विचारल्याशिवाय कुणाच्या घरात शिरणं. चेहरा दिसला म्हणजे लक्ष आहे, हा समज वर्गातही खोटा होता. डोळे उघडे ठेवून झोपायला आपण सगळेच शाळेत शिकलो.

तर, त्या व्हॉइस मेसेजनंतरच्या रविवारी मी ऑनलाइन तासाचा ठरवलेला विषय बाजूला ठेवला आणि कांद्याचाच प्रश्न पुन्हा टाकला, पोल म्हणून. निकाल कुणाला दाखवला नाही. बहुतेकांनी ‘कमी’ म्हटलं. काहींना खरंच वाटत होतं, काहींना यादी पाठ होती. मग दोघा-तिघांचे गट करून त्यांना पडद्यावरच्या वेगवेगळ्या खोल्यांत पाठवलं आणि म्हटलं, पाच मिनिटं, समोरच्याला आपलं उत्तर पटवून द्या. मी एकेका खोलीत डोकावत गेले. पहिल्या खोलीत दोन आवाज बंद केलेले चौकोन, कुणीच बोलत नव्हतं, आणि मी आल्यावर तर ते अधिकच घट्ट मिटले. मी निघून आले. दुसरीत एक जण बसस्थानकावरून बोलत होता, ‘नाशिक-सटाणा लागली आहे’ असं मागून ऐकू येत होतं आणि तो मात्र कांदाभजीच्या गाडीचा हिशेब मांडत होता. तिसऱ्या खोलीत ती होती. ‘माझ्या डब्याचं सोडा,’ ती समोरच्या मुलीला सांगत होती, ‘तुमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये आठवून बघ, कांदा महाग झाला की ताटात पहिलं काय गायब होतं?’ ती मुलगी हसली आणि म्हणाली, ‘कांदाच!’ तिच्या आवाजात काहीतरी सापडल्याचा आनंद होता. असा आनंद ऐकायला मिळतो म्हणून तर मी इतकी वर्षं हे काम करते आहे.

सगळे परत आल्यावर मी तोच पोल पुन्हा घेतला. पुस्तकाच्या हिशेबानं चर्चेनंतर बरोबर उत्तरं वाढायला हवीत. इथं ती घटली. ‘कमी’वरून कितीतरी जण हलले होते, आणि चॅटमध्ये पहिल्यांदाच ‘हो मॅडम’खेरीज काही उमटायला लागलं: ‘घरगुती की हॉटेल?’, ‘एका दिवसात की महिनाभरात?’, ‘मॅडम प्रश्नच अर्धा आहे.’ प्रश्नच अर्धा आहे! मी पडद्यावर त्यांच्यासमोर तो प्रश्न खोडला आणि त्यांना विचारत विचारत त्याचे दोन केले. एक घरातल्या कांद्याचा, एक खानावळीतल्या. मग लवचिकतेची व्याख्या, सूत्र, पर्यायी वस्तू, सगळं त्या दोन प्रश्नांवरून आपोआप आलं. ती फारसं बोलली नाही. पण तास संपताना तिनं एक वाक्य टाइप केलं, ‘मी घरी कांदा घेते ती वेगळी आणि केंद्रासाठी घेते ती वेगळी बाई आहे.’ अर्थशास्त्राच्या परीक्षेत हे वाक्य कुणी लिहिलं तर मी त्याला पूर्ण गुण देईन.

त्या पहिल्या खोलीतल्या दोन मिटलेल्या चौकोनांचं काय, हे मात्र मनातून जात नाही. त्यांना बोलायचं नव्हतं, की बोलायला जागा नव्हती, की नेट पुरत नव्हतं? एक जण नंतर तासातून निघूनच गेला. गप्प माणसाला बोलतं करण्याच्या नादात त्याला पळवून लावलं तर काय मिळवलं? म्हणून मला पोलसारखी साधनं आवडतात. लाजरा माणूसही तिथं नाव न सांगता हात वर करू शकतो. वर्गात जे कधीच बोलले नसते असे कितीतरी जण मी चॅटमध्ये फुलताना पाहिले आहेत. टाइप करताना अडखळणं कुणाला ऐकू येत नाही. तंत्रज्ञानाचे हे उपकार खरे आहेत आणि ते मी कुणाला नाकारू देणार नाही.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात एक गोष्ट फार विचारानं केलेली आहे. छोटे छोटे व्हिडिओ, मराठीसकट अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेले. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ चालवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात ते सॉफ्टवेअर उघडून, थांबत थांबत, तेच स्वतः करून बघायचं. आणि अडलं तर प्रश्न विचारताना व्हिडिओच्या कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला अडलं ते नोंदवायचं. मला हे फार आवडतं. उत्तर देणाऱ्याला नेमकी जागा कळते, आणि एकाच सेकंदापाशी दहा जण अडखळले तर दोष त्या दहा जणांत नसून त्या सेकंदात आहे, हेही कळतं. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ची मांडणीही कागदावर अशीच समंजस आहे. चार भाग: व्हिडिओ, वाचन, स्वतःला तपासण्याच्या चाचण्या आणि चर्चेचा मंच. पदवीच्या एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून करता येतात, म्हणजे ही काही शोभेची वस्तू राहिलेली नाही. पण कुठल्याही अभ्यासक्रमाच्या चर्चेच्या मंचावर जाऊन बघावं, तर ‘असाइनमेंटची तारीख वाढेल का’ आणि ‘हॉलतिकीट कधी येणार’ यांचीच गर्दी. चौथा भाग सगळ्यांत कोरडा. कारण तो व्हिडिओसारखा एकदा बनवून ठेवता येत नाही. तिथं रोज कुणीतरी बसावं लागतं.

मी आमच्या अभ्यासक्रम तयार करणाऱ्या मंडळींना लिहिलं की चौकटीतल्या प्रश्नाखाली एक ओळ मोकळी ठेवा: ‘तुम्हाला असं का वाटतं?’ त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं. करता येईल, म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे. पण इतक्या हजारांचं वाचणार कोण? समंत्रकाला मानधन तासाचं मिळतं, वाचनाचं नाही. हा प्रश्न टोलवण्यासारखा नाही. माझंही म्हणणं असं नाही की प्रत्येक ओळीला उत्तर मिळालंच पाहिजे. आठवड्याला त्यातल्या चार-पाच वाचाव्यात आणि पुढच्या तासात, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन, सगळ्यांसमोर ठेवाव्यात. एवढं दिसलं तरी लिहिणाऱ्याला कळतं की पलीकडे कुणीतरी आहे. मात्र हे काम आहे आणि ते काम म्हणून मोजलं पाहिजे, पैसे देऊन, वेळ देऊन. व्हिडिओच्या कॅमेऱ्याला आणि ग्राफिक्सला पैसा आहे आणि समासात लिहिणाऱ्याला नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

कुणी म्हणेल, आता हे एआयवर सोपवा. मी करून पाहिलं. तिचं म्हणणं, नाव-गाव काढून, एका चॅटबॉटला दिलं. त्यानं मराठीत सुरेख समजावलं; खानावळीची मागणी घरगुती मागणीहून वेगळी कशी, पर्याय कसे काम करतात, सगळं बरोबर. तिला त्या रात्री साडेअकराला हे मिळालं असतं तर तिचं समाधान झालं असतं, आणि मी झोपलेली असताना कुणाचं तरी शंकानिरसन होत असेल तर मला आनंदच आहे. पण मग तो कांदा तिच्या आणि यंत्राच्या मध्येच राहिला असता. हॉस्टेलच्या मुलीला तिचं ताट आठवलं नसतं, बसस्थानकावरच्या मुलाची भजीची गाडी आली नसती, आणि माझा अर्धा प्रश्न अर्धाच राहिला असता, पुढच्या बॅचसाठीसुद्धा. तिच्या उत्तरावर पहिला हक्क तिचा असला, तरी गरज आम्हा सगळ्यांना होती.

पुढचा घटक पुरवठ्याचा. या वेळी मी व्हिडिओची लिंक पाठवायच्या आधीच ग्रुपवर प्रश्न टाकला आहे: कांद्याचा भाव वाढायला लागला की शेतकऱ्यानं चाळीत साठवलेला कांदा बाजारात येतो, की चाळीतच राहतो? कारणासकट सांगा. पुस्तक म्हणतं, भाव वाढला की पुरवठा वाढतो. निफाडकडच्या एका विद्यार्थ्याचं उत्तर पहिलं आलं, ‘सुरुवातीला थांबतो मॅडम, अजून चढेल म्हणून. उतरायला लागला की सगळेच लासलगावला गाडी काढतात.’ त्यावर कळवणच्या एकानं लिहिलं, ‘तुमचा उन्हाळ कांदा आहे, चाळ आहे, म्हणून थांबता. लाल कांदा टिकत नाही, तो निघाला की मिळेल त्या भावाला द्यावा लागतो.’ मग पोळी-भाजी केंद्रातून प्रश्न आला, की चाळीत ठेवलेल्या कांद्याला महिन्याला घट किती येते आणि ती घट शेवटी कुणाच्या भावात धरली जाते? निफाडवाल्यानं उत्तरादाखल व्हॉइस मेसेज टाकलाय, चांगला सात मिनिटांचा. कळवणवाल्याला त्यातले आकडे मान्य नाहीत. रविवारचा तास मी इथूनच सुरू करणार आहे.